राखीव खेळाडू

दिल्लीत १९ जानेवारी २०२५ रोजी खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताच्या महिला संघाने नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरविले. या विजयी संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही मूळची आमच्याच बीड जिल्ह्यातील, केज तालुक्यातली. जिल्ह्यात तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु असे सामने पाहताना माझी नजर, का कोण जाणे, मैदानाच्या कडेला बसलेल्या राखीव खेळाडूंकडे वारंवार वळते. त्यांच्या आईवडिलांना त्या घटकेला काय वाटत असेल, असा विचार मनात येतो. याला कारण आहे. एके काळी मी एका राखीव खेळाडूचा बाप होतो.

ही गोष्ट १९९८ सालची. बालाघाटाच्या डोंगरकुशीतील एका तालुक्याच्या गावी आम्ही राहत होतो. मी सायकलने शेजारच्या खेड्यातील शाळेत शिकवायला जाई आणि माझा मुलगा गावातल्याच एका विद्यालयात आठवीत शिकत होता. त्याला खो-खोचे विलक्षण वेड. पहाटे अंधार असतानाच तो उठे आणि मैदानावर जाऊन, सर येण्यापूर्वी, खडे वेचून ठेवी. आमच्या भागात जमीन खडकाळ; मैदान म्हणायचे, पण त्यातले निम्मे दगडच. त्या विद्यालयात खेळाचा तास वेळापत्रकात होता. प्रत्यक्षात तो बीजगणिताकडे जाई. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे मला याचा राग अधिकच येई. दुसऱ्याच्या शाळेत बोलायचे तरी कोणत्या तोंडाने?

खो-खोचा संघ त्या काळी बारा जणांचा असे. त्यांपैकी नऊ जण मैदानात उतरत; आठ जण पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसत आणि नववा पाठलाग करी. उरलेले तिघे राखीव. माझा मुलगा त्या तिघांतला. तालुक्याच्या स्पर्धेत तो एकाही सामन्यात उतरला नाही. पाण्याच्या बाटल्या भरणे, सवंगड्यांचे कपडे सांभाळणे, कोणाचा गुडघा फुटला तर हळद लावणे, ही त्याची कामे. सामना संपवून तो घरी आला, तेव्हा त्याचा गणवेश धुवायला घेताना त्याची आई म्हणाली, "अरे, हा तर मळलाच नाही!" ती सहज बोलली होती, पण पोर न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सरांना गाठले. ते म्हणाले, "गुरुजी, मुलगा तुमचा चपळ आहे. पण बसल्या जागी त्याला धीर निघत नाही. खो मिळण्याआधीच उठतो." हे मात्र खरे होते. पाठीमागून हाताचा स्पर्श झाल्यावाचून आणि 'खो' हा शब्द कानी पडल्यावाचून उठणे हा नियमभंग होतो. परंतु संघातील एक जागा गावातील एका वजनदार गृहस्थाच्या मुलाला मिळाली होती आणि तो सरावाला कधी फिरकतही नसे. त्याच्या धीराची परीक्षा कोणी घेतली होती, असे मी विचारले. सरांनी शिट्टी खिशात ठेवली आणि फळ्याकडे पाहू लागले.

त्या संघात एक मुलगा मात्र असा होता की, त्याच्या जागेविषयी कोणी शंका काढली नसती. तो डोंगरातल्या एका वाडीवरून चालत शाळेत येई. पायात वहाण नसे. तो पळू लागला म्हणजे पाठलाग करणाऱ्याला वाटे, आता हाताला लागला. आणि त्याच क्षणी तो अंग चोरून पाटीच्या पलीकडे गेलेला असे. पळणाऱ्याला पाटीवरच्या दोघांमधून कोठूनही जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र खांबाला वळसा घातल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. हा नियम सर्वांनाच ठाऊक असतो, पण तो जणू त्या मुलासाठीच केला होता. तालुका आणि जिल्हा या दोन्ही पायऱ्या आमच्या संघाने त्याच्या पायांवर ओलांडल्या. माझ्या मुलाची आणि त्याची गट्टी होती. दोघे एकाच डब्यातली भाकरी खात.

मग दिवाळी आली. आमच्या डोंगरपट्ट्यात दिवाळीनंतर वाड्या ओस पडू लागतात. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून माणसे मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात. तिला 'उचल' म्हणतात. ती फेडण्यासाठी साखर कारखान्यांच्या मुलखात ऊस तोडायला जावे लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. कोयत्याबरोबर पोरेबाळेही जातात. भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी तो मुलगा भांडीकुंडी, अंथरुणे आणि दोन शेळ्या यांच्यासह मालमोटारीत बसून गेला. माझा मुलगा त्याला पोहोचवायला वेशीपर्यंत गेला होता.

विभागीय स्पर्धा त्यानंतर पंधरा दिवसांनी होती. रिकाम्या झालेल्या जागी माझ्या मुलाची निवड झाली. मी रजा काढून सामना पाहायला गेलो. या वेळी तो शांतपणे बसला होता. खो मिळाला तेव्हाच उठला आणि त्याने दोन गडी बाद केले. पण पळण्याची पाळी आली तेव्हा आमचे गडी भराभर बाद झाले. आम्ही हरलो.

परतताना एस.टी.त मी त्याची पाठ थोपटून म्हणालो, "आज तुझा गणवेश चांगलाच मळला की!"

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "बाबा, ती जागा त्याची होती. तो असता तर आपण जिंकलो असतो."

निवड करणाऱ्यांवर इतके दिवस धरलेला राग आता कोणावर धरावा, ते मला सुचेना. मुकादमावर धरावा, तर त्याच्या उचलीवाचून त्या घरात दिवाळीचा दिवा लागला नसता. आईबापांवर धरावा, तर तेरा वर्षांच्या पोराला त्यांनी ओस वाडीत कोणाच्या भरवशावर ठेवायचे? शिवाय फडात धाकट्या बहिणीला कोणी सांभाळायचे? पुढे आमच्या जिल्ह्यात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांच्यामुळे काही मुलांना गावातच राहून शिकता येऊ लागले. तेव्हा आमच्या गावात तशी सोय नव्हती. वजनदार गृहस्थाच्या मुलाविषयीचा माझा राग मात्र तसाच राहिला. तो मी आजही सोडलेला नाही.

चैत्रात ऊस संपला आणि माणसे परतली. त्या मुलाची वार्षिक परीक्षा बुडाली होती. त्याला पुन्हा आठवीतच बसावे लागणार होते. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मैदानावर आला. हात कोयत्याने आणि पाचटाने चिरलेले, अंगाने वाळलेला. मुलांनी दोन गट पाडले. माझा मुलगा पाठलाग करणाऱ्यांत होता.

दिवेलागणीला तो घरी आला, तेव्हा त्याचे गुडघे सोलवटलेले होते आणि सदरा खांद्यापाशी फाटला होता. आई रागावण्यापूर्वीच तो धापा टाकीत म्हणाला, "बाबा, आज तो मला एकदासुद्धा सापडला नाही!"

आणि हे सांगताना तो हसत होता.