वीत आणि पियानो

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेला पंजा म्हणजे एक वीत. माझी वीत १९ सेंटिमीटर आहे. नाडी पाहायला, पोट तपासायला एवढी भरपूर झाली. ती अपुरी आहे हे पन्नाशीनंतर पियानो शिकू लागले तेव्हा कळले.

पियानोची पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. सा पासून वरच्या सा पर्यंतचे अंतर होते सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. ते मला जमते. पण त्याच्याही पुढचा ग त्याच हाताने गाठायचा तर २१ सेंटिमीटर लागतात. रखमानिनोव या रशियन संगीतकाराच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोची सुरुवातच अशा रुंद कॉर्डनी होते. त्याचा स्वतःचा पंजा चांगलाच मोठा होता. अडचण होते ती आपल्यासारख्यांची!

मग व्यायामाने पंजा मोठा करता येतो का? सरावाने बोटे मोकळी होतात, थोडा फरक पडतो. पण वीत मुख्यतः हाडांच्या लांबीवर ठरते आणि हाताच्या हाडांची वाढ किशोरवय सरता सरता थांबते. तळहातातली हाडे मजबूत अस्थिबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात. ती ओढून लांबत नाहीत. जबरदस्ती केली तर दुखावतात ते स्नायू आणि स्नायूबंध. अंगठा वारंवार ताणल्याने मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला सूज येऊन दुखू लागते. याला ‘डी क्वेरव्हेन’ म्हणतात. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्येही हा त्रास मी नेहमी पाहते.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानचा उजवा हात ऐन विशीत निकामी होऊ लागला. बोटांसाठी त्याने एक यंत्रही वापरले होते. आजाराच्या नेमक्या कारणावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे, पण मैफली गाजवणारा पियानोवादक होण्याचे त्याचे स्वप्न तिथेच संपले.

गेल्या वर्षी चौदा वर्षांची एक मुलगी मनगट धरूनच माझ्याकडे आली. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. दुखले तरी ताणत राहा, असे तिला सांगितले गेले होते. आई म्हणाली, “मॅडम, गोळी द्या, परीक्षा बुडायला नको.” मुलगी मात्र हळूच म्हणाली, “कॉर्ड तोडून वाजवली तर ती फसवणूकच ना?”

मी तिला विचारले, “गुडघे दुखतात म्हणून तुझी आजी खुर्चीवर बसून पूजा करते. ती पूजा खोटी का?” ती हसली.

तिला मनगटाला आधाराचा पट्टा दिला, काही दिवस विश्रांती सांगितली आणि नव्या शिक्षिकेचा सल्ला घ्यायला सांगितले. त्यांनी दाखवलेल्या युक्त्या मीही वापरते. सर्वांत खालचा स्वर आधी वाजवून उजवे पेडल दाबायचे, म्हणजे बोट उचलले तरी तार घुमत राहते. मग उरलेले स्वर भराभर खालून वर. जमत असेल तर एखादा स्वर दुसऱ्या हाताकडे द्यायचा. तेही शक्य नसेल तर कॉर्डमध्ये दोनदा येणारा स्वर एकदाच घ्यायचा. खालचा आधारस्वर आणि वरची चाल मात्र सोडायची नाही. त्या परीक्षेला ती बसली नाही. सहा महिन्यांनी बसली, दुखण्याशिवाय.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. पियानोवर पंजाही तसाच पसरावा. ताण जाणवला तर थांबा, हात सैल सोडा. वाजवून झाल्यावरही दुखणे राहत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा एखादे बोट आपोआप मुडपत असेल तर ‘सरावाने जाईल’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. लहान हातासाठी कॉर्ड तोडता येते, पण दुखावलेला हात पूर्ववत होईलच याची खात्री नसते.