‘बा’ म्हटलं की येते

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेल्या सडपातळ शिकारी कुत्र्याचं चित्र २००५ साली टपाल तिकिटावर आलं, तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! आमच्या मच्छेच्या घरी आलेली राणी मात्र कुठल्याच तिकिटावर यायची नाही. तांबूस अंग, मागचा एक पाय किंचित लंगडा आणि एका कानाचं टोक कापलेलं.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा, नसबंदी आणि लस झाल्यावरही परत तिथं सोडू नका, असा आदेश दिला. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर जोरदार चर्चा झाली. “सर, एवढी कुत्री ठेवायची कुठं?” एका सहकाऱ्याचा प्रश्न रास्त होता. आधीची कुत्री घरोघरी गेली, तरच निवाऱ्यात नव्यांना जागा होणार.

पण आईचा ठाम नकार. लहानपणी तिला कुत्रं चावलं होतं आणि त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. तिची भीती थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस सहसा वाचत नाही. आता लस दंडात घेता येते, तीही मोजक्या डोसांत. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हे सगळं आईला सांगितलं, तरी तिच्या होकाराशिवाय कुत्रं आणायचं नाही, असं सौ.नं आणि मी ठरवलं.

आम्ही दोनदा निवाऱ्यात जाऊन आलो. तिसऱ्यांदा आई आपणहून निघाली आणि फाटकाशीच खुर्ची टाकून बसली. राणी आली, दोन हात अंतरावर बसली, भुंकली नाही. “कान कुणी रे कापला बिचारीचा?” आईनं विचारलं. नसबंदीच्या वेळी भुलीतच ही खूण करतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही, असं तिथल्या मुलानं समजावलं. आई जरा वेळानं म्हणाली, “हिला न्या. पिल्लू नको, ते पुढं कसं निघेल कुणास ठाऊक!” मला ते पटलं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो.

ओळखीच्यांचा पहिला प्रश्न एकच, “जात कुठली?” आपल्याकडे माणसालाही आधी हेच विचारतात.

पहिले चार दिवस राणी जिन्याखालून हलली नाही. “ये, ये” करून माझा घसा सुकला. सौ.चं माहेर बैलहोंगलचं. तिनं नुसतं “बा इल्ली” म्हटलं आणि बाईसाहेब शेपूट हलवत बाहेर! निवाऱ्यातला मुलगा तिच्याशी कानडीतच बोलायचा, हे आमच्या ध्यानात तेव्हा आलं. मग घरात सगळ्यांची कानडी सुधारू लागली.

आमचं कुलदैवत खंडोबा, सौ.च्या माहेरचा मैलार. देव एकच आणि त्याच्यासोबत कुत्रं असतंच. तेव्हापासून दर रविवारी पहिली भाकरी राणीची. आई अजून तिला हात लावत नाही. तुकडा उंबऱ्याबाहेर ठेवते, दोन पावलं मागं सरते आणि मग हाक मारते, तीही कानडीत.