करणार कोण?

अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेच्या तयारीसाठी जळगाव-धुळ्याची मुलं येतात, तेव्हा भाषण त्यांना येतच असतं. वक्तृत्व स्पर्धांमध्ये ती घडलेली असतात. आवाज कुठे चढवायचा, टाळी कुठे घ्यायची, हे त्यांना ठाऊक असतं. मला त्यांना ठराव लिहायला शिकवायचं असतं. भाषण ‘हे झालंच पाहिजे’ म्हणून संपवता येतं. ठरावात त्याच्या पुढचा प्रश्न समोर येतो : करणार कोण?

रचना अवघड नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव हे एकच लांबलचक वाक्य असतं. आधी ‘महासभा’, मग स्मरून, लक्षात घेऊन, चिंता व्यक्त करून अशी स्वल्पविरामांनी जोडलेली प्रास्ताविक कलमं, नंतर क्रमांक घातलेली कृतिकलमं आणि अगदी शेवटी पूर्णविराम. एका दुपारात मुलं हे शिकतात. क्रियापदं शिकायला मात्र वेळ लागतो. सनदेच्या कलम २५ प्रमाणे सुरक्षा परिषदेचे निर्णय पाळायचं सदस्य राष्ट्रांनी कबूल केलं आहे. महासभेला तो अधिकार नाही. स्वतःच्या कारभाराबाहेर ती शिफारस करते, आवाहन करते, महासचिवांना विनंती करते. ‘महासभा सर्व राष्ट्रांना आदेश देते’ असं लिहिलेला कागद जोरकस वाटतो. पण नसलेल्या अधिकारावर उभं असलेलं कलम कुणालाच बांधत नाही. आपल्या सभेच्या हातात काय आहे, ते ओळखून क्रियापद निवडणं हा या कामातला पहिला प्रामाणिकपणा.

सरावाला मी बहुधा कापूस देतो. चोपडा, धरणगाव, शिंदखेड्याकडच्या मुलांना खेडा खरेदी, जिनिंग, हमीभाव हे शब्द घरातूनच माहीत असतात. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा प्रश्न मांडला : श्रीमंत देशांच्या अनुदानांमुळे आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. हे वाचलं की मुलं पेटून उठतात, आणि पहिला मसुदा ठरलेला असतो : ‘सर्व कापूस अनुदानं ताबडतोब बंद करण्यात यावीत.’ मग भारताची बाजू घेतलेल्याला मी विचारतो, आपल्याकडे भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) हमीभावाने कापूस घेतं, त्याचं काय? ‘सर्व’ या शब्दात तुझं गावही आलं. वर्गात शांतता पसरते आणि खरं लेखन तिथून सुरू होतं. अनुदान कोणतं, निर्यातीचं की देशांतर्गत? बंद कुणी करायचं? कधीपर्यंत?

या प्रश्नांनी काय साधतं, ते नैरोबीत दिसलं. व्यापार संघटनेच्या २०१५ च्या परिषदेत कापसाची निर्यात अनुदानं विकसित देशांनी लगेच आणि विकसनशील देशांनी १ जानेवारी २०१७ पर्यंत थांबवायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानांचा मोठा प्रश्न तसाच राहिला. काही मुलांना ही तडजोड वाटते. मला त्यात कारागिरी दिसते : जेवढ्यावर एकमत झालं, तेवढं कुणी आणि कधीपर्यंत करायचं हे लिहून ठेवलं, आणि उरलेल्यासाठी वाटाघाटींचं दार उघडं ठेवलं.

ठरावाची आपली शाळा मात्र न्यूयॉर्क-जिनिव्हापेक्षा फार जवळ आहे. यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं, ही आठवण सगळे सांगतात. मी मुलांना तिथला शेतीविषयक ठराव वाचायला लावतो. शेतसारा आणि खंड यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट, कालव्याच्या पाणीपट्टीत घट, वेठबिगार बंद, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता. शेतकऱ्याचं दुःख मोघम न सांगता ठरावाने त्याची कलमं पाडली. तेव्हा काँग्रेसच्या हाती सत्ता नव्हती. पुढच्या वर्षी प्रांतांत मंत्रिमंडळं आली आणि १९३९ मध्ये मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कुळांच्या संरक्षणाचा असे दोन कायदे झाले. त्यांच्या मागे अनेक चळवळी होत्या. पण मागणी नेमकी लिहिलेली असली, की सत्तेवर आलेल्याला तिचा जाब विचारता येतो.

लिहिण्याइतकंच महत्त्व लिहिताना शेजारी कोण बसलंय याला असतं. स्पर्धांमध्ये मुलं गट बांधतात, मसुदा दडवतात, सह्या गोळा करतात. ‘बेस्ट डेलिगेट’चं बक्षीस खुणावत असतं. प्रत्यक्ष महासभेत बहुसंख्य ठराव मतदानाशिवायच संमत होतात, कारण भांडण मसुद्याच्या टेबलावर आधीच भांडून झालेलं असतं. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे. आपला मसुदा सर्वांत आधी विरोधकाच्या हाती द्यायचा आणि त्याला कोणतं कलम खुपतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मालीची बाजू मांडणारी मुलगी आणि अमेरिकेची बाजू घेतलेला शिरपूरचा मुलगा एका कागदावर वाकून ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दापुढे वर्ष कोणतं घालायचं यावर वाद घालतात, तेव्हा वक्तृत्वाने न दिलेली एक गोष्ट दोघांनाही मिळते. समोरच्याला न हरवता त्याची संमती कशी मिळवायची, हे त्यांना कळू लागतं.

यातली फार थोडी मुलं परराष्ट्र सेवेत जातील. ग्रामसभेत मात्र सगळीच बसू शकतात. तिथल्या प्रोसिडिंगमध्ये सूचक असतो, अनुमोदक असतो, ‘सर्वानुमते मंजूर’ असतं, आणि मधे बरेचदा एक वाक्य असतं : ‘पाणीपुरवठ्याची व्यवस्था करण्यात यावी.’ या ‘करण्यात यावी’ला कर्ताच नाही. म्हणूनच माझ्या वर्गात ही क्रियापदरचना चालत नाही. ग्रामपंचायत करील की जिल्हा परिषद? कोणत्या निधीतून? कोणत्या महिन्यापर्यंत? पुढच्या सभेत अहवाल कोण वाचणार? एवढं लिहिलं, की ठराव फाइलमध्ये पडून राहिला तरी तो कुणी अडवला हे सांगता येतं. मालीच्या कापूसवाल्यासाठी हे प्रश्न विचारायला शिकलेल्या मुलाने गावच्या टाकीसाठीही ते विचारावेत, याच आशेने मी शिकवतो.