भार पडल्यावर कळते

आमची मोटार सोळा वर्षांची आहे. ती विकून टाकावी, असा सल्ला आम्हांस अनेकांनी दिला. पण जुन्या वस्तूंवरचा आमचा लोभ सुटत नाही. गेल्या दिवाळीनंतर तिला एक चमत्कारिक व्याधी जडली. वेगात असताना ती शहाण्यासारखी चाले. परंतु ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनास धाप लागे, त्याची गती खालीवर होई आणि कित्येकदा ते बंदच पडे.

संकेश्वरातील एका तरुण मेकॅनिककडे आम्ही गाडी दिली. तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याने प्लग बदलले, हवेचा मार्ग साफ केला आणि पैसे माफक घेतले. आठ दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी मातोश्रींना निपाणीस डॉक्टरांकडे दाखवून आम्ही परतत होतो. उसाचा हंगाम, तवंदीच्या घाटात ट्रॅक्टरांची रांग लागलेली. आम्ही वेग कमी केला, दिवे लावले आणि इंजिन बंद पडले. तीनदा सुरू केले, तीनदा बंद पडले. मागे ट्रकांचे भोंगे, शेजारी ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री छातीवर हात ठेवून बसलेल्या. एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून कसेबसे घर गाठले.

दुसऱ्या दिवशी चार गिऱ्हाइकांदेखत आम्ही त्या मुलास म्हणालो, "शाळेत नक्कल करीत होतास, इथेही तेच चालले आहे!" तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "सर, गाडी राहू द्या."

तिसऱ्या दिवशी त्याने आम्हांस बोलावून घेतले. हातात मल्टिमीटर होता. "सर, बॅटरीपासून इंजिनाला जाणारी ही अर्थिंगची तार. इंजिन बंद ठेवून मोजली तर निर्दोष दिसते. आता बघा." त्याने इंजिन सुरू केले, दिवे आणि पंखा लावला. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनाच्या अंगावर. आकडा उमटला : ०.९ व्होल्ट. तो ०.२ च्या आत हवा होता. तारेचे टोक सोडवले, तो आत हिरवट गंज आणि निम्मे धागे तुटलेले.

इंजिन संथ चालू असताना त्याला हवा आणि पेट्रोल अगदी बेताचे लागते. त्याचे माप गाडीतला कॉम्प्युटर संवेदकांकडून येणाऱ्या अल्पशा व्होल्टेजवरून ठरवतो. ज्या संकेताची सारी मजल पाच व्होल्टांची, त्यात पाऊण-एक व्होल्टाची चूक शिरली तर हिशेब कोलमडणारच. दिवे लावताच तारेतील प्रवाह वाढे आणि चूकही वाढे. जॉर्ज ओमने १८२७ साली मांडलेला हा नियम आम्ही कितीदा फळ्यावर लिहिला असेल! तो ओमही एकेकाळी कोलोनच्या शाळेत शिकवणारा मास्तरच होता.

आणि टोक सैल राहिले ते कोणामुळे? गणपतीच्या सुट्टीत, मजुरी वाचवण्यासाठी, नवी बॅटरी आम्ही स्वहस्ते बसवली होती. तार ओढाताणीत तुटली आणि तिचे टोक ना घासले, ना नीट आवळले. त्या मुलाला हे कळले असणारच. त्याने आम्हांस ते बोलून दाखवले नाही.

प्रवाह नसताना तार धडधाकट दिसते. भार पडला म्हणजे तिची खरी परीक्षा होते. वाचकहो, तीस वर्षे आम्ही वर्गात संयमाचे पाठ दिले. ते भाररहित तारेचे मोजमाप होते. घाटातल्या एका संध्याकाळीने आमचा आकडा दाखवून दिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गॅरेजात गिऱ्हाइके असताना मुद्दाम गेलो आणि "परवा आम्ही चुकलो," असे सर्वांदेखत सांगितले. तो ओशाळला आणि हात पुसत म्हणाला, "सर, फक्त तारेचे पैसे द्या."

घरी येऊन हा वृत्तांत मातोश्रींना सांगितला. त्या वाती वळीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी नीट झाली म्हणायची. आता तुझं बघ."