डोक्यावरचा हात

मराठींत ‘मान’ हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. तो पुल्लिंगी असला म्हणजे त्याच्यासाठीं माणसें भांडतात, रुसतात, भर मांडवांतून उठून जातात. तोच स्त्रीलिंगी झाला म्हणजे मात्र त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती खालीं घालून ऐकून घ्यावें आणि ती मोडून काम करावें, एवढेंच तिच्या वांट्याला येतें. हा केवळ शब्दांचा खेळ आहे असें आम्हांसहि वाटत असे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें, त्यानंतर तसें वाटत नाहीं.

आमचें कुटुंब एकत्र. स्वयंपाकघराचा कारभार गेलीं अठ्ठावीस वर्षें वहिनींच्या हातीं आहे. त्यांच्या हातची पोळी पापुद्र्यासारखी पातळ, अशी नातलगांत ख्याति. ती पोळी एकाएकी जाड होऊं लागली. जाड आणि एका कडेला वेडीवांकडी. तीन दिवस कोणी बोललें नाहीं. चवथ्या दिवशीं आम्हीच जेवतां जेवतां म्हणालों, “वहिनी, आज पोळी आहे कीं भाकरी?” सारे हंसले. वहिनीहि हंसल्या. तें हंसें आतां आठवलें म्हणजे घांस घशाखालीं उतरत नाहीं.

पुढें वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढतांना त्यांचें कोपर दुमडलें आणि डबा खालीं आला. “लक्ष कुठें असतें ग हल्लीं?” असें आत्याबाई म्हणाल्या. मधल्या बोटाला तव्याचा चटका बसला, तो त्यांना उशिरा कळला. त्याचाहि दोष धांदरटपणाकडे गेला. याच सुमारास त्यांना एक नवीन संवय लागली होती. जरा सवड मिळाली कीं त्या उजवा हात डोक्यावर ठेवून बसत. आत्याबाईंना तें मुळींच खपत नसे. “भरल्या घरांत डोक्याला हात लावून बसूं नये, अवदसा येते,” असें त्या म्हणत आणि वहिनी मुकाट्यानें हात खालीं घेत. हात खालीं आला कीं त्यांचा चेहरा आवळला जाई. आम्ही तें पाहिलें होतें. अर्थ मात्र लावला नव्हता.

एके रात्रीं पाणी पिण्यासाठीं उठलों, तों वहिनी अंधारांत ओट्याशीं उभ्या, हात डोक्यावर. “भाऊजी, आडवें झालें कीं पाठीच्या फऱ्यापासून बोटापर्यंत ठणका लागतो. तीन आठवडे झाले. कोणाला बोलूं नका. गणपति झाल्यावर बघूं.” वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडण्याचे प्रसंग आमच्यावर फार आले नाहींत, हा एक आम्हीं मोडला. दुसऱ्या दिवशीं दादांसह त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलें.

बाई वयानें तरुण. पण तपासण्याची रीत मोठी शांत. त्यांनीं वहिनींना दोन्ही हात बाजूंनीं खांद्यापर्यंत उचलावयास सांगून वरून दाबून पाहिलें. हात भक्कम राहिले. कोपरांत दुमडलेला हात ओढून पाहिला, मनगट वर उचलावयास लावून दाबलें, तेंहि ठीक. मग म्हणाल्या, “काकू, आतां मला ढकला.” डाव्या हातानें बाई मागें रेटल्या गेल्या. उजवा हात मात्र कोपरांत लुळा पडला. लहानशा हातोडीनें कोपराच्या वर मागल्या बाजूस टिचकी मारली, तेव्हां डावा हात उडाला, उजवा जागचा हलला नाहीं. कापसाचा बोळा बोटांवरून फिरवितांना मधल्या बोटाशीं वहिनी थबकल्या. नंतर मान किंचित् मागें व उजवीकडे कलवून बाईंनीं माथ्यावर हलकेच दाब दिला, तोंच कळ सरळ हातांत उतरली. ही परीक्षा ग्लेन स्पर्लिंग व विल्यम स्कोव्हिल या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध केली; ती जाणत्यानेंच करावयाची, घरीं करून पाहावयाची नव्हे.

शेवटीं बाईंनीं विचारलें, “काकू, हात डोक्यावर ठेवला कीं बरें वाटतें का हो?” वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खालीं पाहिलें.

बाईंनीं मग कागदावर आकृति काढून सर्व समजावून दिलें. माणसाच्या मानेंत मणके सात. उंच जिराफाच्या मानेंतहि सातच. परंतु मज्जातंतूंच्या मुळांच्या जोड्या मात्र आठ. पहिली जोडी कवटी व पहिला मणका यांच्यामधून बाहेर पडते, म्हणून सातव्या मणक्याखालून निघणारी आठवी ठरते. प्रत्येक मुळाचें वतन जणूं ठरलेलें आहे. पांचव्याकडे खांद्यांतून हात बाजूला उचलणें. सहाव्याकडे कोपर दुमडणें, मनगट मागें वळविणें आणि अंगठ्याची संवेदना. सातव्याकडे कोपर सरळ करणें आणि मधलें बोट. आठव्याकडे मूठ आवळणें आणि करंगळी. बोटें फांकण्याचें काम मुख्यतः छातीच्या पहिल्या मुळाकडे. या वतनांच्या सीमा थोड्याफार एकमेकींत मिसळलेल्या असतात. तरी कोठें शक्ति गेली व कोठें बधिरता आली एवढ्यावरून दुखावलेलें मूळ बहुधा ओळखतां येतें. लाटणें पुढें रेटतांना कोपर सरळ करणाऱ्या दंडामागच्या स्नायूचेंच बळ लागतें. म्हणजे आमची जाड पोळी ही सातव्या मुळाची तक्रार होती, आणि तिचा अर्थ लावण्याऐवजीं आम्ही तिच्यावर विनोद केला! शक्ति कमी झाल्यामुळें पुढें एम्. आर्. आय्. चित्र काढलें, त्यांतहि तेंच दिसलें: सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादी सरकून सातव्या मुळावर दाब आला होता. हात डोक्यावर घेतला म्हणजे त्या मुळावरील ताण सैल होतो. वहिनींच्या देहानें आपला उपाय आपणच शोधून काढला होता.

या विषयाचा इतिहासहि वाचनीय आहे. अडलेल्या बाळंतपणांत खांदा ओढला गेला म्हणजे अर्भकाचीं वरचीं मुळें दुखावतात व हात आंत वळून लोंबतो. ही खूण जर्मन वैद्य एर्ब यांनीं १८७४ सालीं वर्णिली. खालचीं मुळें दुखावलीं तर पंजा दुबळा होतो, आणि छातीचें पहिलें मूळ तुटल्यास त्याच बाजूची पापणी झुकून बाहुली बारीक होते. हाताच्या दुखापतीची साक्ष डोळा कां देतो, हें १८८५ सालीं उलगडून दाखविलें तें पॅरिस येथें वैद्यक शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुंप्के या तरुण स्त्रीनें.

वाचकांच्या घरीं उपयोगीं पडावें म्हणून बाईंचे दोन शब्द येथें देतों. वहिनींसारखें दुखणें बहुतेकांचें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवांचून बरें होतें. परंतु शक्ति उतरत चालली, दोन्ही हात बावचळूं लागले, बटण लावणें किंवा फुलें ओवणें जमेना, चाल डळमळीत झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर खुद्द मज्जारज्जूवर दाब असण्याचा संभव. अशा वेळीं दिवस मोजीत बसूं नये. मान कडकन् मोडून घेण्याची हौस कोणीं करूं नये. आणि अपघातांत मानेला मार बसलेल्या माणसास ओढून उठवूं नये. श्वासपटल चालविणारा तंतु तिसऱ्या, चवथ्या व पांचव्या मुळांपासून निघतो. तेथें मज्जारज्जूला इजा झाली तर श्वासच थांबण्याचें भय असतें. मान स्थिर ठेवून मदत बोलवावी.

वहिनींना औषधें व हलके व्यायाम दिले, शस्त्रक्रियेची वेळ आली नाहीं. त्या वर्षीं गणपतीचे मोदक बाहेरून आले. गणरायानें कांहीं रुसवा धरल्याचें दिसलें नाहीं. जड डबे खालच्या फळीवर आले आहेत. रविवारीं पोळ्या आम्ही व दादा लाटतों, आणि त्या कोणत्या देशाच्या नकाशाशीं जुळतात यावर मुलांचे वाद चालतात. वहिनींच्या हातांत आतां पुष्कळ बळ आलें आहे. तरी एखादी पोळी अजून कडेला जाड निघते. ती आम्ही मागून घेतों. क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग आम्हांस सुचला नाहीं.

आत्याबाई मात्र आमच्याहून सरळ. परवां दुपारीं वहिनी जरा टेकल्या, तशी त्यांनीं माजघरांतून हांक दिली, “दुखतंय का ग? मग ठेव कीं डोक्यावर हात. कोणी कांहीं म्हणत नाहीं.”