हवेचं भोक

आईचा पितळी स्टोव्ह पेटवणं हा एक विधीच असे. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. रॉकेलची वाफ केसाएवढ्या भोकातून वर यायची आणि ते भोक काजळीनं बुजलं की ज्योत पिवळी पडून पातेली काळी व्हायची. "पिन कर रे जरा," आई म्हणे. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला बसवलेली ती तार भोकात घातली की स्टोव्ह पुन्हा निळा होऊन फरफरू लागे. विझवायचा तर टाकीवरची हवेची किल्ली सैल करायची. फुस्स! स्वीडनमध्ये 1892च्या सुमारास लिंडक्विस्टनं असा स्टोव्ह बनवला, हे मी फार पुढे वाचलं. आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा असो, तो प्रायमसच.

मामाच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. टाकी कोरडी पडली की ते हवा धरायचं. मग मामा पान्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल करी आणि हातपंपाची कळ दाबत राही. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. नळीत हवा राहिली तर इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. हे मामानं असं सांगितलं नव्हतं. "आत वारं शिरलंय," एवढंच तो म्हणाला होता.

आता ओहायोत घरामागे अर्ध्या एकराचं लॉन आहे आणि त्यावर बसून चालवायचं एक जुनं मोवर, वापरून झालेलं, स्वस्तात मिळालेलं. ते पहिली पंधरा-वीस मिनिटं छान चाले. मग आवाज खाली येई, दाट गवतात पाती अडखळत आणि इंजिन दम सोडी. थोडं थांबलं की पुन्हा जसंच्या तसं सुरू.

ज्याला विचारावं तो कार्ब्युरेटर बदलायला सांगे. कार्ब्युरेटर उघडायची घाई पुरुषांना फार असते, असं माझं मत आहे. आधी बघायचं ते हे, की इंजिनाचा आवाज पडतो की नुसती चाकं मंदावतात? नुसती चाकं मंदावली तर दोष पट्ट्याचा किंवा तापून पातळ झालेल्या हायड्रोस्टॅटिक तेलाचा. माझ्याकडे आवाजच पडत होता. एअर फिल्टर झटकला. पात्यांवरच्या झाकणाला आतून चिकटलेला ओल्या गवताचा थर खरवडला. इंजिनावरचं आवरण काढलं तर थंड करणाऱ्या पंख्याखाली उंदरानं हिवाळ्यात थाटलेलं घर निघालं, कापूस-बिपूस घालून. टाकीतलं पेट्रोलही बदललं. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की पेट्रोल चिकट होतं. तरी रोग तिथंच.

आता दोनच संशयित उरले. इग्निशन कॉइल तापल्यावर ठिणगी देईनाशी होते. पण तसं असतं तर इंजिन असं हळूहळू खचलं नसतं, बहुधा एकदम बंद पडलं असतं. दुसरं म्हणजे टाकीचं टोपण. पेट्रोल खाली जाईल तशी त्याच्या जागी बाहेरून हवा यावी लागते, आणि या मॉडेलमध्ये ती टोपणातल्या भोकातूनच येते.

पुढच्या वेळी आवाज पडायला लागताच मी बसल्या बसल्या टोपण सैल केलं. टाकीनं सूंऽऽ करून हवा ओढून घेतली. इंजिन क्षणभर खोकलं आणि मग चढलं. टोपण उलटं करून पाहिलं तर भोकात धूळ, गवताचा चुरा आणि पेट्रोलचा चिकटा मिळून काळा गोळा झाला होता. सुईनं तो निघाला, पण आतल्या रबराच्या चकतीचा भरवसा वाटेना, म्हणून नवं टोपण मागवलं.

मोवर आता शेवटपर्यंत चालतं. फक्त चढावर पट्टा घसरल्याचा वास यायला लागलाय.