पांघरूण आणि नाव

गेल्या हिवाळ्यात आम्ही कचेरीतील वकील-कारकून मंडळी एका संस्थेसमवेत नाशिकहून पेठ तालुक्यातील एका पाड्यावर पांघरुणे वाटावयास गेलो होतो. दातृत्वाचा किंचित ताठाही आम्हांस होताच! एका विधवा आजींनी पांघरूण बाजूस ठेवून विचारले, “दादा, सातबाऱ्यावर माझं नाव कधी लागेल?” आम्ही ओशाळलो. वारसनोंदीचा अर्ज महसूल दप्तरी करावयाचा. वाद निघालाच तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, सरकारतर्फे वकील विनामूल्य मिळू शकतो. हे दान नव्हे, हक्क होय. परंतु तो त्यांस कोणी सांगितलाच नव्हता! पुढील रविवारी आम्ही पांघरुणांऐवजी अर्जाचे कागद घेऊन गेलो.